प्रश्न तुमचे, उत्तरं गुरुजींची : चार कोटी अंकांची एक संख्या

लातूरच्या मोंढ्यातले एक मुनीम लिहितात : मागच्या अंकातल्या चौकटीत तुम्ही सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याचं दिलं होतं. तिच्यात म्हणे चार कोटींच्या वर अंक आहेत. आमच्या आडतीवर यावरून बरीच वादावादी झाली. हे अंक मोजले कोणी? संख्या लिहून ठेवली कुठं? कोणी डोळ्यांनी बघितली का, का नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायलेत?

मुनीमजी, चौकटीत 'माहीत असलेली सर्वांत मोठी' असं छापलं होतं. तुमच्या आडतीवर पहिले दोन शब्द सांडले. ते उचलून परत जागेवर ठेवा. का, ते कळंबच्या पत्राखाली वाचायला मिळेल.

संख्या एका ओळीत मावते. २ हा आकडा १३,६२,७९,८४१ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अमेरिकेत सॅन होजेला राहणाऱ्या ल्यूक ड्युरँट यांना ती सापडली. १२ ऑक्टोबर २०२४ ला ती मूळ असल्याचं पक्कं झालं आणि २१ तारखेला जगाला सांगितलं गेलं. अंक आहेत ४,१०,२४,३२०.

मोजले कोणी? कोणीच नाही. तुमच्या वेळी अकरावीला लॉगचे तक्ते होते का? १०० चा लॉग २ आणि अंक तीन. १००० चा लॉग ३ आणि अंक चार. लॉगमधला पूर्णांक घ्यायचा, त्यात १ मिळवायचा, झाली अंकांची संख्या. २ चा लॉग ०.३०१०३. त्याला १३,६२,७९,८४१ ने गुणलं की ४,१०,२४,३२०.५ येतात, म्हणजे अंक ४,१०,२४,३२१. जाहीर झाले त्यापेक्षा एक जास्त! तुमच्यासारखा रोजमेळाचा माणूस इथं लगेच लेखणी खाली ठेवेल. पण चूक त्यांची नाही, आपल्या तक्त्याची आहे. ०.३०१०३ हा आकडा किंचित वर ओढलेला आहे. खरा लॉग ०.३०१०२९९९५६६४ असा चालतो. फरक क्षुल्लक दिसतो, पण तो साडेतेरा कोटींनी गुणला जातो. बारा दशांश स्थळं धरून गुणाकार केला तर ४,१०,२४,३१९.९४५ येतात आणि हिशेब जुळतो. पाच स्थळांचा तक्ता आपल्याला आयुष्यभर पुरला. या संख्येपुढे मात्र त्याने हात टेकले.

आता दशांश चिन्हानंतरचे ९४५ टाकून देऊ नका. अँटिलॉगच्या तक्त्यात .९४५ समोर ८.८१ मिळेल. म्हणजे आपली संख्या ८८१ ने सुरू होते.

शेपूट तर याहून सोपं. २ चे घात लिहीत गेलात तर शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो. १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागलं तर बाकी १, म्हणून घाताचा शेवटचा अंक २, आणि १ वजा केल्यावर १. आणखी हौस असेल तर शेवटचे तीन अंक बघा. ते तिसऱ्या घातापासून पुढे दर १०० पावलांनी परत येतात. आपल्या घातांकाचे शेवटचे दोन अंक ४१. म्हणून २ चा ४१ वा घात काढायचा : २१,९९,०२,३२,५५,५५२. शेवटी ५५२. वजा १ केलं की ५५१. चार कोटी अंकांच्या संख्येचं शेवटचं टोक ५५१ आहे हे तुम्ही जुन्या पावतीच्या पाठीवर काढू शकता.

अजून एक, खास मुनीमांसाठी. या चारही कोटी अंकांची बेरीज करा, आलेल्या उत्तराच्या अंकांची पुन्हा बेरीज, असं एक अंक उरेपर्यंत करत जा. शेवटी ४ उरेल. बेरीज न करता मी हे सांगतो, कारण २ च्या घातांना ९ ने भागलं की बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशीच फिरते. घातांकाला ६ ने भागून बाकी ५, म्हणजे या रांगेतली पाचवी जागा, तीही ५, वजा १ बरोबर ४.

डोळ्यांनी बघायचीच असेल तर सगळे अंक असलेली फाईल इंटरनेटवर मिळते. पानाला तीन हजार अंक धरले तर छापील पानं होतील १३,६७५. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता, मोठ्याने वाचायला सुमारे ४७५ दिवस लागतील. मी वाचणार नाही. सुरुवात, शेवट, लांबी आणि बेरीज कळल्यावर मधले अंक वाचून मला नवीन काय कळणार?

गंगाखेडची दहावीतली एक विद्यार्थिनी विचारते : आमच्या सरांनी शिकवलं, की संख्या मूळ आहे का हे बघायचं असेल तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. मग या संख्येसाठी किती भागाकार केले?

तुझ्या सरांचं बरोबर आहे. पण त्या रीतीने इथं एक टक्काही काम झालं नसतं. या संख्येच्या वर्गमुळातच दोन कोटी पाच लाखांवर अंक आहेत. त्याच्या आतल्या मूळ संख्या किती, हा आकडा लिहायलाही दोन कोटींच्या वर अंक लागतात. जगातले सगळे संगणक जुंपले तरी हे भागाकार होणार नाहीत. म्हणून भागाकाराचा रस्ता त्यांनी धरलाच नाही. एकही अवयव न शोधता संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारी वेगळी परीक्षा आहे. ती तुला वहीत करता येईल, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी संख्येची ठेवण बघ. २ चा घात वजा १, या घडणीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हे फ्रान्समधले पाद्री, १५८८ ते १६४८ या काळातले. द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलं तर या संख्या फक्त १ च्या रांगा असतात. ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. आपल्या संख्येत ओळीने १३,६२,७९,८४१ एकं आहेत. आता पंधरा एकं मांड आणि तीन-तीनचे गट पाड. प्रत्येक गट १११, म्हणजे ७. म्हणून अख्खी संख्या ७ ने भागली जाते. ३२,७६७ ला भागून बघ. एकांची संख्या समान गटांत वाटता आली की संख्या फुटलीच. म्हणून घातांक मूळ असावाच लागतो. १३,६२,७९,८४१ मूळ आहे.

पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

आता परीक्षा. ४ पासून सुरुवात कर. वर्ग कर, २ वजा कर, आलेल्या उत्तराला तपासायच्या संख्येने भाग आणि फक्त बाकी ठेव. त्या बाकीचं पुन्हा तेच. घातांकातून २ वजा करून जेवढे येतील तेवढ्या फेऱ्या. शेवटी ० आलं तर संख्या मूळ. ० आलं नाही तर मूळ नाही. (घातांक २ पेक्षा मोठा हवा, एवढी एकच अट.)

१२७ घेऊ. तो २ चा ७ वा घात वजा १, म्हणून फेऱ्या ५. पहिल्या फेरीत ४ चा वर्ग १६, वजा २, उत्तर १४. दुसऱ्या फेरीत १९६ − २ = १९४, १२७ ने भागून बाकी ६७. तिसऱ्या फेरीत ६७ चा वर्ग ४४८९, वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२. चौथ्या फेरीत १७६४ − २ = १७६२, बाकी १११. पाचव्या फेरीत १११ चा वर्ग १२,३२१, वजा २ म्हणजे १२,३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य. १२७ पास!

तेच २०४७ ला लाव, ९ फेऱ्या : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य आलं नाही, नापास. इथं जरा थांब आणि या नऊ आकड्यांकडे नीट बघ. २३ कुठं दिसतो? ८९ कुठं दिसतो? संख्या फुटते हे खात्रीने कळलं, पण कुठून फुटते याचा मागमूस नाही. मूळ आहे का हा एक प्रश्न आणि अवयव कोणते हा दुसरा. शाळेत आपण दोन्ही एकाच भागाकारात उरकतो, म्हणून ते एकच वाटतात. मोठ्या संख्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न दुसऱ्याच्या मानाने फार सोपा पडतो.

याचा इतिहासातला दाखला ऐक. मर्सेन यांनी १६४४ मध्ये यादी दिली होती, की घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तेव्हा संख्या मूळ असते. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये आपल्या रीतीने दाखवून दिलं की ६७ चं म्हणणं खोटं आहे. पण अवयव? ते कोणालाच माहीत नव्हते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभे राहिले, तेव्हा ते हाती आले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. कोल यांनी एक शब्द न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला आणि खाली बसले, असं सांगतात. मधे सत्तावीस वर्षं संख्या फुटते हे ठाऊक होतं आणि कशाने ते ठाऊक नव्हतं. यादीतून राहिलेला ६१ सापडला १८८३ मध्ये, रशियातल्या इव्हान पेर्वूशिन नावाच्या खेड्यातल्या धर्मगुरूंना. खेड्यात राहून असं काही होत नाही म्हणणाऱ्यांना हे नाव सांगत जा.

ल्युकांची रीत १९३० मध्ये डेरिक लेहमर यांनी आजच्या रूपात बसवली, म्हणून तिला ल्युका-लेहमर परीक्षा म्हणतात. ड्युरँट यांच्या संख्येला तिच्या १३,६२,७९,८३९ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग. हे हाताचं काम नाही, साध्या संगणकाचंही नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये 'गिम्प्स' नावाची मोहीम सुरू केली. तिच्यात जगभरातले हौशी लोक आपापले संगणक या शोधाला लावतात. ड्युरँट पूर्वी एनव्हिडिया कंपनीत होते. त्यांनी चित्रं उमटवण्यासाठी बनलेले ताकदवान चिप, १७ देशांतल्या संगणक-केंद्रांमधले, भाड्याने घेऊन जोडले. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या यंत्राने एका हलक्या चाचणीवरून 'बहुधा मूळ' असं कळवलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या यंत्राने तू वर केलीस तीच परीक्षा पुरी केली आणि शेवटी शून्य आलं.

तुला गृहपाठ : ८१९१. हा २ चा १३ वा घात वजा १, फेऱ्या ११. शेवटून दुसरं उत्तर १२८ यायला हवं. तसं आलं नाही तर मागे कुठं तरी भागाकार चुकला समज. १२८ च का? १२८ चा वर्ग १६,३८४, वजा २ केले की १६,३८२, म्हणजे ८१९१ ची बरोबर दुप्पट. आता १२७ च्या वेळी शेवटून दुसरं उत्तर १११ होतं ते बघ. १२७ मधून ते वजा कर आणि काय उरतं ते मला पत्रात लिही.

उदगीरचे एक खत-बियाणांचे दुकानदार : आमच्या जुन्या बिलाच्या प्रोग्राममध्ये एका गिऱ्हाईकाची बाकी अचानक २१४७४८३६४७ दिसली. त्याला विचारलं तर तो पळूनच जाईल. हा आकडा आला कुठून?

त्याला काही विचारू नका. हीसुद्धा मर्सेन मूळ संख्याच आहे, २ चा ३१ वा घात वजा १. जुने प्रोग्राम पूर्ण संख्येसाठी ३२ घरं ठेवतात. एक घर अधिक-उणे चिन्हाला, उरलेली ३१. सगळ्या घरांत १ भरले की हाच आकडा होतो. रकाना भरून वाहायला लागला की काही प्रोग्राम उणे रक्कम दाखवतात, काही शेवटच्या आकड्यावर अडून बसतात. तुमचा अडून बसला.

ही संख्या मूळ असल्याचं ऑयलर यांनी १७७२ मध्ये ठरवलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. हिचा कुठलाही मूळ अवयव असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी आधी सिद्ध केलं. मग तेवढ्याच संख्यांनी भागून बघायचं उरलं. आणि जुना संगणक अजून वापरणार असाल तर एक तारीख टिपून ठेवा : १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ घरांत मोजणाऱ्या यंत्रांचा रकाना त्या क्षणी भरतो. तोवर प्रोग्राम बदलून घ्या.

कळंबहून एक शेतकरी : मला सूत्र सापडलंय. ३ घ्या. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. २ चा १२७ वा घात वजा १ हीसुद्धा मूळ आहे, पुतण्यानं मोबाईलवर बघितलं. म्हणजे साखळी तुटत नाही. मग पुढची कडी तुमच्या चार कोटीवालीच्या कितीतरी पुढं. सगळ्यात मोठी मूळ संख्या माझी झाली की नाही? बक्षीस कुठं मागायचं?

मजा आली पत्र वाचून. हे मी मनापासून सांगतो, कारण याच साखळीवर १८७६ मध्ये बेल्जियममधले कॅतलान अडकले होते. म्हणजे तुम्ही भलत्या नाही, चांगल्या माणसाच्या वाटेवर निघालात. २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकांची मूळ संख्या ल्युकांनी त्याच वर्षी सिद्ध केली. पुढच्या कडीत अंक किती, हा आकडाच ३८ अंकी आहे. तिची परीक्षा घेणं आज कोणालाही शक्य नाही. ती मूळ असेलही, नसेलही.

आणि साखळी तुटत नाही असं कुठं लिहिलंय? ३ ऐवजी १३ पासून निघा. ८१९१ मिळते, ती मूळ. पुढची कडी २ चा ८१९१ वा घात वजा १. ती १९५३ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी संगणकावर तपासली, आणि ती मूळ नाही. चार कड्या टिकल्या म्हणून पाचवी टिकेलच हे गणितात चालत नाही. गुत्तेदाराच्या बिलात चालतं कधी कधी.

आता 'सगळ्यात मोठी'. ती कोणाचीच होणार नाही. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं, की मूळ संख्यांची कितीही मोठी यादी द्या, त्या सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवला की त्याचा मूळ अवयव यादीबाहेरचाच निघतो. म्हणून 'माहीत असलेली' हे शब्द. पण मला युक्लिडपेक्षा पुढचं जास्त भुरळ घालतं. १ पेक्षा मोठी कुठलीही संख्या घ्या. ती आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असतेच. चेबिशेव यांनी १८५२ मध्ये हे सिद्ध केलं आणि आपल्या रामानुजनांनी १९१९ मध्ये त्याची छोटी, सुरेख सिद्धता दिली. म्हणजे ड्युरँट यांच्या संख्येच्या पुढे, तिच्या दुपटीच्या आत, मूळ संख्या नक्की आहे. एक नाही, अफाट आहेत. त्या परिसरात सरासरी साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ पडते, आणि परिसर चार कोटी अंकांएवढा लांब. तरी त्यांतली एकही आज कोणाला बोट ठेवून दाखवता येत नाही. आधीची विक्रमी संख्या, २ चा ८,२५,८९,९३३ वा घात वजा १, डिसेंबर २०१८ मध्ये सापडली होती. ती आणि ही, या दोघींच्या मधल्या मूळ संख्यांपैकीही एकही आपल्याला माहीत नाही. आपण विक्रम करतो ते ल्युकांची परीक्षा लागू पडते त्या अरुंद पायवाटेवर. पायवाट सोडली की दोन्ही बाजूंना सगळं पीक उभं असून दिसत नाही.

बक्षिसाचं विचारलंत. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन नावाच्या अमेरिकन संस्थेने दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येला दीड लाख डॉलर ठेवले आहेत. ते अजून कोणी नेले नाहीत. चार कोटींनाही ते मिळत नाहीत. ड्युरँट यांच्या वाट्याला गिम्प्सचे तीन हजार डॉलर आले आणि तेही त्यांनी आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं. पुतण्याला म्हणावं, सूत्र पाठवायचं तर सोबत सिद्धता पाठव.

औंढा नागनाथहून एक कीर्तनकार : २८ ला परिपूर्ण संख्या म्हणतात, तिचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. २८ ला निःशेष भागणाऱ्या, २८ सोडून, संख्या १, २, ४, ७, १४. बेरीज २८. तशाच ६, ४९६, ८१२८. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून अशी एक निघते : ७ ला ४ ने गुणलं की २८, ३१ ला १६ ने गुणलं की ४९६. ड्युरँट यांच्या संख्येतून निघणाऱ्या परिपूर्ण संख्येत ८,२०,४८,६४० अंक आहेत. सम परिपूर्ण संख्या एवढ्याच वाटेने येतात हे ऑयलर यांनी दाखवलं. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही मिळालेली नाही, आणि ती नसतेच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. कीर्तनात सांगणार असाल तर ही शेवटची ओळ गाळू नका.

नांदेडचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी : सर, व्हॉट्सअॅपवर फिरायलंय की या नव्या संख्येमुळं बँकांची गुप्त भाषा फुटणार. काहीजण म्हणायलेत, उलट हीच आता बँकेची किल्ली होणार. खरं काय?

दोन्ही नाही. १९७७ च्या आरएसए नावाच्या गुप्तलेखन पद्धतीत दोन मूळ संख्या गुपचूप निवडतात, त्यांचा गुणाकार उघड करतात. आज सर्रास वापरला जाणारा गुणाकार ६१७ अंकी असतो, म्हणजे त्या दोन संख्या साधारण ३०९ अंकी. गुपित आहे ते निवडीत. जी संख्या जगभरच्या बातम्यांत आली ती किल्ली म्हणून वापरणं म्हणजे कुलूप लावून किल्ली चावडीवर टांगणं. शिवाय चार कोटी अंकांचा गुणाकार करता करता तुझा फोन तापेल.

३०९ अंकी मूळ संख्या मिळवणं अवघड नाही. तेवढ्या आकारात दर ७१० संख्यांमागे सरासरी एक मूळ असते. सम संख्या वगळल्या तर ३५५ मागे एक. यंत्र यादृच्छिक संख्या घेतं, तपासतं, नापास झाली की पुढची. आणि ही तपासणी कुठल्याही संख्येसाठी, नशिबावर न सोडता, बेताच्या वेळात करता येते हे सिद्ध केलं २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. त्यांतले दोघं नुकतेच बी.टेक. झालेले. परीक्षेत फक्त मुद्दे पाठ करून येणाऱ्या तुझ्या मित्रांना सांग.

मर्सेन संख्या मात्र अगदीच बेकार नाहीत. २ चा ५२१ वा घात वजा १, १५७ अंकी, १९५२ मध्ये सापडलेली, ती आज 'पी-५२१' नावाच्या सांकेतिक पद्धतीचा पाया आहे. तिथं मूळ संख्या सगळ्यांना माहीत असते; गुपित दुसरीकडे असतं. तिला घेतलं कारण एकांच्या रांगेने भागाकार करणं यंत्राला सोपं जातं. तुकडा तोडायचा आणि बेरजेत मिळवायचा, बस.

माजलगावचे एक कापूस उत्पादक : याचा शेतकऱ्याला उपयोग काय?

काही नाही. तुम्हाला नाही, मलाही नाही. एक आडवा फायदा सांगतो : मूळ संख्यांवर काम करणारे यंत्राला इतकं पिदवतात की त्याचा दडलेला दोष बाहेर येतो. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या, म्हणजे ३ आणि ५ सारख्या दोनाच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांच्या, व्यस्तांची (१/३, १/५ अशी) बेरीज करत होते. उत्तर जुळेना, तेव्हा पेंटियम चिपच भागाकारात चुकते हे उघड झालं. कंपनीला तो धक्का ४७ कोटी ५० लाख डॉलरना पडला. २०१६ मध्ये गिम्प्सच्याच प्रोग्रामने आणखी एका चिपमधला दोष दाखवला. पण मी हे उपयोगासाठी वाचत नाही, हे आपलं आपण मान्य केलेलं बरं.

अंबडहून एक जीपमालक : माझ्या गाडीचा नंबर ८६३३. ५० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकानेही जात नाही. म्हणजे मूळ आहे ना? आणि तसा नंबर शुभ असतो म्हणे.

९३ चा वर्ग ८६४९, म्हणून ९२ पर्यंत जायला हवं होतं. ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३ यांनीही जाणार नाही. ८९ ने जातो. ८६३३ = ८९ × ९७. शुभ-अशुभाचं पत्र संपादकांकडे पाठवा, भविष्याचं पान दुसरे गृहस्थ बघतात.